दुमड

हातात घेतलं तेव्हा वाटलं, रुमाल आहे,
घाईत शिवलेला.
पांढरा, वीतभराला जरा कमी रुंद, दीड वीत लांब,
पोत अंबाडीच्या जवळचा,
धुऊन धुऊन मऊ झालेला.

उपाध्येंची स्वयंप्रभा नागोयाहून आलेली,
आईच्या मोतीबिंदूसाठी, आठ दिवस.
म्हणाली, बाबालालचाचा, अशी बारा हवीत.
तिथं एका बाईंकडे चहा शिकते मी,
त्यात वाडगा पुसायचं कापड हे. चाकिन म्हणतात.

चहा शिकते म्हटल्यावर
समोरच्या गाड्यावरचा शिवलिंग तारळेकर
इतका हसला की दूध उतू गेलं.
तीस वर्षं मारुती रोडला स्टोव्ह पेटवतोय,
त्याला कुठं कुणी शिकवलं होतं.

रात्री दिव्याखाली नमुना नीट बघितला.
एका कडेची दुमड वर घातलेली,
दुसऱ्या कडेची खाली.
म्हटलं, चुकला बिचारा.
जपानात झाला तरी शिंप्याला डुलकी लागतेच.
चुकलेली टीप समोर असली
की माझ्या बोटांना राहवत नाही.
उसवली.
दोरा इतका बारीक, नखानं ओढावा लागला.
दोन्ही दुमडी एका अंगाला घेतल्या, इस्त्री फिरवली,
आणि त्याच मापाची बारा केली,
शहाण्या पोरांसारखी, एका रांगेत.

स्वयंप्रभानं घडी उलगडली, बोलली नाही.
नमुना उचलला,
कडेवरून अंगठा फिरवला, परत फिरवला.
चाचा, चूक नव्हती ही.
एक वर, एक खाली, म्हणून
याला उलट नाही, सुलट नाही.
कुठूनही हातात घ्या.

मी चष्मा पुसला, शर्टाच्या टोकानं.
आमचा धंदाच उलट-सुलटावर उभा.
आत चिंध्या लोंबल्या तरी चालतं,
बाहेरून दिसू नये.
पुराच्या साली पाणी शटरच्या वर गेलं,
कोट वरून वाळले, झटकून टांगले,
अस्तरं आत कुजत राहिली
आणि महिनाभर वास कुठून येतोय तेच कळेना.

मग तिनं माझी गुंड्यांची वाटी रिकामी केली,
विसळली, टेबलावर ठेवली.
कापड ओलं करून पिळलं,
काठावरून अर्धं आत, अर्धं बाहेर सोडलं
आणि वाटीच फिरवली हळूहळू.
शेवटी तळाशी बोटानं एक वळण.
म्हणाली, त्यांचं अक्षर आहे, यू.
मला तर ळ दिसला,
पाटीवर मला कधी न जमलेला.

शिवलिंग रस्ता ओलांडून आला होता.
वाटी आधीच धुतली होती ना? मग पुसली कशाला?
पाहुण्याच्या समोर पुसायची असते, काका.
आणि चहा किती कप?
एकच.
तो काही बोलला नाही.
जाताना फडकं खांद्यावरून काढून हातात घेतलं.

तिची गाडी गुरुवारी.
नमुना दुरुस्त केला, बारातली पाच उसवून परत शिवली.
पाचच. कारण दुसरी कड आली की
हात आपोआप वर दुमडायचा,
प्रत्येक वेळी त्याला धरून खाली न्यावा लागायचा,
म्हाताऱ्या बैलाला नव्या वाटेनं न्यावं तसा.
पैसे ती बाराचे देत होती. मी पाचचे घेतले.

उरलेली सात शिवलिंगनं नेली.
त्याला उलट-सुलट चालतं.
चार दिवसांत चहाच्या रंगाची झाली.

आता मशीनवरून मान वर केली
की त्याचा हात दिसतो, ग्लासात, तळाशी वळताना.
त्याचं म्हणणं, ग्लास अरुंद आहे,
हात तसाच वळणार.
असेल.
मी बघत बसत नाही.
सुई चालू असताना नजर दुसरीकडे गेली
तर बोट शिवलं जातं.